जॉंग सॉन

जॉंग सॉन (जन्म: १६७६, हानयांग, मृत्यू: १७५९) हे कोरियातील जोसॉन राजवटीच्या काळातील थोर निसर्गचित्रकार होत. ग्यॉमजे या टोपणनावाने ते अधिक ओळखले जातात. विनम्रतेची अभ्यासिका असा या नावाचा अर्थ आहे. कोरियातील प्रत्यक्ष डोंगर, नद्या आणि धबधबे शाईने रंगवण्याची जी परंपरा जिनग्यॉंग सानसू, म्हणजे खऱ्या दृश्याचे निसर्गचित्र, या नावाने प्रसिद्ध आहे, तिचे ते प्रवर्तक मानले जातात. त्यांची सुमारे ४०० चित्रे आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी कुमगांग जॉनदो (१७३४) आणि इनवांग जेसेकदो (१७५१) ही दोन चित्रे दक्षिण कोरियाची राष्ट्रीय संपदा म्हणून घोषित झालेली आहेत.

खरे दृश्य या शब्दांमुळे वाचकाचा असा समज होण्याचा संभव असतो की, हा चित्रकार डोंगरासमोर बसून दिसेल ते जसेच्या तसे कागदावर उतरवीत असावा. वस्तुस्थिती तशी नाही. जॉंग सॉन यांनी पाहिलेला डोंगर आठवणीत मुरू दिला, कल्पनेने त्याची मांडणी बदलली आणि मग तो रंगवला. त्यांच्या हयातीनंतर त्यांच्यावर जी सर्वांत गंभीर टीका झाली तीही याच कारणाने झाली, आणि त्यांचे मोठेपणही यातच शोधावे लागते.

घराणे आणि बालपण

जॉंग सॉन यांचा जन्म राजधानी हानयांग (आजचे सोल) येथे शहराच्या वायव्येस, बुगाक डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीत झाला. समोर इनवांग डोंगराचे उघडे खडक दिसत. हा परिसर त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. नोकरीनिमित्त बाहेर जावे लागले तेव्हाही ते येथेच परत आले. घराणे यांगबान, म्हणजे सुशिक्षित उच्चवर्गीयांपैकी होते. परंतु काही पिढ्यांत कोणाला मोठे अधिकारपद न मिळाल्याने परिस्थिती हलाखीची झाली होती. वडील जॉंग शी-इक १६८९ मध्ये वारले, तेव्हा जॉंग सॉन जेमतेम तेरा वर्षांचे होते. घरची जबाबदारी त्यांच्यावर आली. त्यांच्या आईला मात्र दीर्घायुष्य लाभले. १७३५ मध्ये वयाची नव्वदी ओलांडल्यावर तिचे निधन झाले. आईचा सांभाळ करण्याचे कर्तव्य जॉंग सॉन यांच्या आयुष्यातील पुष्कळ निर्णयांच्या मुळाशी असावे, असे त्यांचा जीवनक्रम पाहता वाटते.

१६८९ हे वर्ष या वस्तीतील आणखी एका घराला फार वाईट गेले. शेजारी राहणारे किम घराणे विद्वत्तेसाठी नावाजलेले होते. त्या वर्षी दरबारातील गटांच्या संघर्षात या घराण्याचे प्रमुख, माजी मुख्यमंत्री किम सू-हांग यांना राजाज्ञेने विषप्राशन करावे लागले. त्यांचे पुत्र किम चांग-हुप (१६५३–१७२२) यांनी राजकारणाकडे पाठ फिरवली आणि पुढचे आयुष्य डोंगरांत भटकण्यात व काव्यलेखनात घालवले. तरुण जॉंग सॉन यांना याच मंडळींचा सहवास लाभला. डोंगर म्हणजे केवळ देखावा नसून दरबाराच्या कोलाहलापासून दूर राहून मन स्वच्छ करण्याचे स्थान आहे, ही दृष्टी त्यांना या शेजारातून मिळाली.

मुलकी सेवेच्या मोठ्या परीक्षेत ते उत्तीर्ण झाले नाहीत. चाळिशीच्या सुमारास त्यांना खगोलविषयक कार्यालयात एक लहानसे पद मिळाले. यीजिंग या प्राचीन चिनी ग्रंथाचा त्यांचा चांगला अभ्यास होता आणि त्यातील यिन व यांग या परस्परपूरक तत्त्वांचा ठसा त्यांच्या चित्ररचनेवर दिसतो.

शाई, कागद आणि मनातले चित्र

जॉंग सॉन यांच्या पद्धतीचा विचार करण्याआधी त्यांच्या साधनांची माहिती घेणे आवश्यक आहे. कोरियन परंपरेत लेखन आणि चित्रकला यांची साधने एकच असतात: कुंचला, शाईची कांडी, शाई उगाळण्याचा दगड आणि कागद. यांना विद्वानाच्या अभ्यासिकेतील चार मित्र म्हणतात. शाईला मॉक असे नाव आहे. देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांचे लाकूड किंवा वनस्पती तेल जाळून काजळ धरतात, ते सरसात मळून त्याच्या कांड्या पाडतात आणि त्या दीर्घकाळ वाळवतात. चित्रकार कांडी दगडावर थोड्या पाण्यात उगाळतो. आपल्याकडे सहाणेवर चंदन उगाळतात तशीच ही सावकाश, शांतपणे करायची क्रिया आहे. पाण्याचे प्रमाण आणि उगाळण्याचा वेळ यांवर छटा अवलंबून असते. एकाच कांडीतून धुक्यासारखा फिकट राखी रंगही निघतो आणि अमावास्येच्या रात्रीसारखा दाट काळाही.

कोरियन हातकागदाला हान्जी म्हणतात. तुतीच्या कुळातील दाक या झुडपाच्या सालीच्या लांब तंतूंपासून तो बनतो. तो चिवट व टिकाऊ असतो, पण शाई तत्काळ शोषून घेतो. एकदा कुंचल्याचा फटकारा बसला की तो पुसता येत नाही आणि वर रंग चढवून लपवताही येत नाही. त्यामुळे चित्र कागदावर येण्यापूर्वी मनात पूर्ण तयार असावे लागते. बांबू रंगवणाऱ्याच्या अंतःकरणात आधी बांबू उगवलेला असला पाहिजे, अशा आशयाचा विचार चिनी कवी सू शि (१०३७–११०१) यांनी मांडला होता आणि कोरियन चित्रकारांना तो पाठ होता. स्मरण ही या कलेत चित्रकाराची वैयक्तिक आवड नव्हती. साधनांच्या स्वभावातूनच तिची गरज निर्माण होत होती.

जॉंग सॉन यांचा सराव प्रचंड होता. त्यांचे मित्र, चित्रकार जो यॉंग-सॉक (१६८६–१७६१) यांनी लिहून ठेवले आहे की, त्यांनी झिजवलेले कुंचले पुरले असते तर त्यांचा ढिगारा झाला असता. दोन कुंचले एकाच मुठीत धरून समांतर रेषा झपाट्याने ओढण्याची त्यांची लकब प्रसिद्ध होती.

कुमगांगचे पहिले दर्शन

कोरियाच्या पूर्व किनाऱ्यालगतचा कुमगांग, म्हणजे वज्रपर्वत, हा कोरियन लोकांच्या मनात शतकानुशतके घर करून राहिलेला डोंगर आहे. त्याची शिखरे १२,००० असल्याचे परंपरेने सांगितले जाते. ऋतूप्रमाणे त्याला वेगवेगळी नावे आहेत: वसंतात कुमगांग, उन्हाळ्यात बोंगने, शरदात पुंगाक आणि हिवाळ्यात, पाने झडून खडकांचे सांगाडे उघडे पडतात तेव्हा, गेगोल. बौद्ध मठांचे ते मोठे केंद्र होते. राजधानीकडून येणाऱ्या वाटेवर दानबाल्यॉंग नावाची खिंड लागते. खिंडीच्या नावाचा अर्थ केस कापण्याची खिंड असा आहे. तेथून कुमगांगचे पहिले दर्शन घडताच माणसाला मुंडन करून भिक्षू व्हावेसे वाटते, अशी समजूत होती.

जॉंग सॉन १७११ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, प्रथम तेथे गेले. त्यांचे जिवलग मित्र, कवी यी ब्यॉंग-यॉन (१६७१–१७५१) त्या वेळी कुमगांगच्या वाटेवरील कुमह्वा येथे दंडाधिकारी होते. या प्रवासातून पुंगाक चित्रवही तयार झाली. तिच्यातील १३ चित्रे आज कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांत मठ, शिखरे, पूल यांची नावे जागोजागी लिहिलेली आढळतात. नकाशा आणि चित्र यांच्यामधली ही अवस्था आहे. चित्रकार अजून पाहिलेल्या गोष्टींची नोंद ठेवण्यात गुंतलेला आहे, काही सुटू नये अशी त्याला काळजी वाटते आहे.

दानबाल्यॉंगच्या चित्रात मात्र पुढचा जॉंग सॉन दिसू लागतो. अलीकडे खिंडीचा काळसर मातीचा उतार आणि त्यावर उभी असलेली चिमुकली माणसे, पलीकडे स्फटिकासारखी पांढरी शिखरे, आणि दोहोंमध्ये काहीच नाही. मधले सगळे अंतर त्यांनी धुक्याने पुसून टाकले आहे. प्रवाशाला त्या क्षणी मधल्या दऱ्या दिसत नसतात, त्याची दृष्टी थेट शिखरांवर जाते. चित्रानेही तेच केले आहे.

या वहीतील पेकचॉन पुलाच्या चित्रात आणखी एक तपशील आहे. एका बाजूला विद्वान मंडळी ओढ्याकाठी विसावली आहेत आणि जवळच पालख्या घेऊन आलेले भिक्षू थांबले आहेत. जोसॉन राजवटीत बौद्ध भिक्षूंचा सामाजिक दर्जा खालावलेला होता आणि यांगबान प्रवाशांना खांद्यावरून डोंगर चढवून नेण्याचे काम त्यांच्यावर पडत असे. मुंडन करण्याची ओढ वाटणारे प्रवासी मुंडन केलेल्यांच्याच खांद्यावर बसून जात, हा विरोधाभास चित्रात कोणतेही भाष्य न करता येऊन गेला आहे.

पुढच्याच वर्षी, १७१२ मध्ये, ते पुन्हा कुमगांगला गेले. त्या प्रवासातील चित्रवही यी ब्यॉंग-यॉन यांच्याकडे होती आणि किम चांग-हुप यांनी तिच्यासाठी कविता रचल्या होत्या. ही मूळ वही आज अस्तित्वात नाही.

खऱ्या दृश्याची कल्पना

जॉंग सॉन यांच्यापूर्वी कोरियन चित्रकार प्रामुख्याने चिनी निसर्ग रंगवीत. जो डोंगर त्यांनी कधी पाहिला नाही, त्याच्या चित्रांवरून चित्रे काढली जात. १६४४ मध्ये चीनमधील मिंग राजवट संपून मांचूंचे छिंग राज्य आले. त्याआधी १६२७ व १६३६ मध्ये मांचूंनी कोरियावर स्वाऱ्या केल्या होत्या. या घटनांनंतर खरी संस्कृती आता आपल्याच देशात उरली आहे, अशी भावना कोरियन विद्वानांत बळावली. स्वदेशातील निसर्ग रंगवण्याची प्रेरणा या अभिमानातून आली, असे मत काही इतिहासकार मांडतात. दुसऱ्या काहींच्या मते डोंगरयात्रेची वाढलेली हौस, नकाशे काढण्याची परंपरा आणि चीनमधून आलेल्या चित्रकलेच्या छापील पाठ्यपुस्तकांतून कळलेल्या नव्या शैली यांचा वाटा मोठा आहे. दोन्ही मतांत तथ्य असावे. मात्र केवळ अभिमानाने हात सुधारत नाही, हेही खरे.

जिनग्यॉंग हा शब्द दोन प्रकारच्या चिनी अक्षरांनी लिहिला जातो. एका लेखनात त्याचा अर्थ खरे दृश्य असा होतो. दुसऱ्या लेखनात तो खरा प्रदेश किंवा सत्याचे क्षेत्र असा होतो, आणि हा शब्द सिद्ध पुरुषांच्या अलौकिक भूमीसाठीही वापरला जाई. डोळ्यांना दिसणारे आणि दिसण्यापलीकडचे, या दोन्ही सत्यांचा निर्देश एकाच उच्चारात होत होता.

कल्पनेचा भाग किती मोठा होता, हे काही उदाहरणांवरून स्पष्ट होईल. केसॉंगजवळील पाग्यॉन धबधबा सुमारे ३७ मीटर उंचीचा आहे. जॉंग सॉन यांच्या चित्रात तो बराच ताणून, जवळजवळ दुपटीने लांब केलेला आहे. दोन्ही बाजूंचे कडे काळ्या शाईचे थर देऊन भरले आहेत आणि पाणी म्हणजे मधला कोरा सोडलेला कागद. पायथ्याशी उभी असलेली माणसे नखाएवढी आहेत. ज्याने धबधब्याखाली उभे राहून मान वर केली आहे आणि त्याचा आवाज ऐकला आहे, त्याला ही उंची खोटी वाटणार नाही.

दुसरे उदाहरण १७४६ मधील एका चित्राचे आहे. डोंगर आणि ओढा यांच्या कुशीत एक लहान घर असून आत एक विद्वान बसलेला आहे. हा विद्वान म्हणजे थोर तत्त्वज्ञ यी ह्वांग (१५०१–१५७०). जॉंग सॉन यांच्या जन्मापूर्वी शंभरांहून अधिक वर्षे आधी त्यांचे निधन झाले होते.

अधिकारपदे आणि कुमगांग जॉनदो

१७२१ ते १७२६ या काळात जॉंग सॉन ग्यॉंगसांग प्रांतातील हायांग येथे, आणि १७३३ ते १७३५ या काळात पूर्व किनाऱ्यावरील चॉंगहा येथे दंडाधिकारी होते. चॉंगहाजवळच्या नेयॉन डोंगरातील धबधब्यांची त्यांची चित्रे प्रसिद्ध आहेत. तेथील खडकावर त्यांचे नाव व १७३४ च्या शरद ऋतूचा उल्लेख कोरलेला आहे.

त्याच वर्षीच्या हिवाळ्याचा उल्लेख कुमगांग जॉनदो, म्हणजे समग्र कुमगांग, या चित्रावर आहे. हे चित्र सुमारे १३० सेंटीमीटर उंच व ९४ सेंटीमीटर रुंद आहे. त्या वेळी चित्रकार कुमगांगपासून फार दूर, देशाच्या दक्षिण भागात होता आणि पहिल्या दर्शनाला वीस वर्षे उलटून गेली होती. चित्रातील दृश्य पृथ्वीवरील कोणत्याही जागेवरून दिसू शकत नाही. संपूर्ण पर्वत जणू आकाशातून पाहिल्याप्रमाणे एका मोठ्या वर्तुळात सामावला आहे. पहिल्या चित्रवहीत प्रत्येक ठिकाणी थांबून नावे लिहिणारा चित्रकार आता ती सारी ठिकाणे एकाच वेळी, एका दृष्टिक्षेपात पाहतो आहे, आणि हे केवळ स्मरणातच शक्य आहे.

वर्तुळाच्या डाव्या बाजूला झाडीने झाकलेले मातीचे डोंगर आहेत. ते ओल्या कुंचल्याच्या मऊ, आडव्या ठिपक्यांनी रंगवले आहेत. मध्यापासून उजवीकडे खडकाळ सुळके असून ते कोरड्या, तीक्ष्ण, उभ्या रेषांनी उभारले आहेत. मऊ आणि कठोर यांना विभागणारी रेषा नागमोडी आहे. यिन आणि यांग यांच्या चिन्हाचा आकार त्यात अनेकांना दिसतो आणि चित्रकाराचा यीजिंगचा अभ्यास पाहता हा योगायोग नसावा. सर्वांत वर सुमारे १,६३८ मीटर उंचीचे पीरो शिखर आहे. खाली डाव्या कोपऱ्यात जांगान मठ व त्याचा कमानदार पूल दिसतो. शिखरांभोवतीची हवा फिकट निळसर छटेने भरली आहे. त्यामुळे डोंगर अंतराळात तरंगत असल्याचा भास होतो.

चित्राच्या वरच्या भागात एक कविता लिहिलेली आहे. पायांनी हा डोंगर तुडवण्यापेक्षा उशाशी ठेवून तो पाहणेच बरे, असा तिचा रोख आहे. यामागे एक जुनी कल्पना आहे. पाचव्या शतकातील चिनी चित्रकार जोंग बिंग (३७५–४४३) यांनी वार्धक्यात, प्रवास अशक्य झाल्यावर, पूर्वी पाहिलेले डोंगर घराच्या भिंतींवर रंगवले आणि ते पडल्यापडल्या त्यांत फिरत असत. कोरियन भाषेत याला वायू, म्हणजे पहुडून केलेला प्रवास, म्हणतात.

यी ब्यॉंग-यॉन यांच्याशी मैत्री

१७४० मध्ये जॉंग सॉन यांची नेमणूक राजधानीच्या पश्चिमेस, हान नदीकाठच्या यांगचॉन येथे झाली. यी ब्यॉंग-यॉन तेव्हा सत्तरीला पोचले होते आणि जॉंग सॉन त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान होते. अंतर थोडेच होते, पण त्या वयात रोजची भेट अंतरली. दोघांनी ठरवले की, एकाने कविता पाठवावी आणि दुसऱ्याने उत्तरादाखल चित्र पाठवावे. या देवघेवीतून ग्यॉंगग्यो चित्रवही निर्माण झाली. हान नदीचे वळण, मासेमारीच्या नावा, काठावरचे मंडप आणि राजधानीच्या आसपासच्या टेकड्या तिच्यात आहेत. तिच्यातील आपगूजॉंग हा भाग आज सोलमधील उंच इमारतींनी गजबजलेला आहे. तेथील टेकडी कशी होती हे या चित्रातून कळते. एका चित्रात दोन वृद्ध गृहस्थ झाडाखाली समोरासमोर बसले आहेत. ते हे दोघे मित्रच होत, असे मानले जाते. हजार सुवर्णमुद्रा मिळाल्या तरी ही चित्रे दुसऱ्याच्या हाती देऊ नयेत, अशा आशयाची मुद्रा वहीवर उमटवलेली आहे.

१७४७ मध्ये, वयाची सत्तरी उलटल्यावर, जॉंग सॉन यांनी १७१२ च्या हरवलेल्या वहीतील विषय पुन्हा हाती घेतले. या नव्या वहीचे नाव हेआक जॉनशिन चॉप असे आहे. समुद्र आणि पर्वत यांचे चैतन्य उतरवणारी वही, असा त्याचा अर्थ होतो. तिच्यात २१ चित्रे आहेत. किम चांग-हुप यांच्या निधनाला पंचवीस वर्षे झाली होती. पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्यांच्या कविता दुसऱ्याच्या हाताने नव्या वहीत उतरवून घेण्यात आल्या. पहिल्या आणि या वहीतील चित्रे शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. नावांच्या चिठ्ठ्यांसारखी अक्षरे कमी झाली आहेत, घरे आणि झाडे विरळ झाली आहेत, फटकारे रुंद व निःशंक झाले आहेत. काळाने जे गाळले ते चित्रकाराने परत आणण्याचा प्रयत्न केलेला नाही.

इनवांग जेसेकदो

इनवांग जेसेकदो, म्हणजे पावसानंतर निवळलेला इनवांग, हे चित्र १७५१ मधील आहे. जॉंग सॉन तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे होते. चित्रावर चांद्र वर्षाच्या अधिक पाचव्या महिन्याच्या अखेरच्या दशकाचा उल्लेख आहे. त्या दिवसांत राजधानीत सतत पाऊस पडत होता आणि पंचविसाव्या दिवशी तो थांबला, अशी नोंद राजाच्या सचिवालयाच्या दैनंदिनीत आढळते. त्याच महिन्याच्या एकोणतिसाव्या दिवशी यी ब्यॉंग-यॉन यांचे निधन झाले.

या तारखांवरून अनेक अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला आहे की, हे चित्र मृत्युशय्येवरील मित्रासाठी काढलेले असून उजवीकडे खाली झाडांत दिसणारे घर त्याचेच आहे. दुसऱ्या काही अभ्यासकांना हा अर्थ मान्य नाही. त्यांच्या मते ते घर स्वतः जॉंग सॉन यांचे किंवा त्या परिसरातील अन्य कोणाचे आहे. वाद घराबद्दलचा आहे. चित्रकाराच्या साठ वर्षांच्या मित्राचे अखेरचे दिवस चालू होते, याबद्दल वाद नाही.

इनवांग हा ३३८ मीटर उंचीचा, फिकट पांढुरक्या ग्रॅनाइटचा डोंगर आहे. जॉंग सॉन यांनी त्याचे खडक काळे रंगवले. रुंद कुंचला खालच्या दिशेने झाडूसारखा ओढून, वाळल्यावर पुन्हा, आणि पुन्हा वाळल्यावर आणखी एकदा, असे शाईचे थर त्यांनी चढवले आहेत. भिजलेला खडक गडद दिसतो हे खरे, पण एवढा काळा दिसत नाही. मुख्य शिखराचा माथा चित्राच्या वरच्या कडेला जवळजवळ कापला गेला आहे. त्यामुळे खडकाचे वजन पाहणाऱ्याच्या अंगावर येते. खाली दरीतून धुके वर सरकते आहे आणि पावसाने जागे झालेले तीन ओहोळ कोऱ्या कागदाच्या पांढऱ्या रेषांनी कोसळत आहेत. लहानपणापासून रोज पाहिलेला हा डोंगर त्यांना समोर बसून पाहण्याची गरज नव्हती.

अखेरची वर्षे

राजा यॉंगजो (राज्यकाळ १७२४–१७७६) यांची जॉंग सॉन यांच्यावर मर्जी होती. राजा त्यांचा उल्लेख नावाने न करता आदराने टोपणनावाने करीत असे, अशी परंपरा आहे. उतारवयात त्यांना मानाची पदे मिळाली. हे सर्वांना रुचले नाही. १७५४ मध्ये त्यांच्या एका नेमणुकीवर दरबारात आक्षेप घेण्यात आला. चित्रकलेसारख्या क्षुद्र कौशल्यावर पुढे आलेल्या माणसाला असे पद देऊ नये, असे आक्षेपकाचे म्हणणे होते. राजाने तिकडे लक्ष दिले नाही. ऐंशीव्या वर्षी व त्यानंतर त्यांचा दर्जा आणखी वाढवण्यात आला.

लेखक पाक जी-वॉन (१७३७–१८०५) यांच्या नोंदीनुसार, ऐंशी उलटल्यावरही जॉंग सॉन डोळ्यांवर एकावर एक भिंगे लावून मेणबत्तीच्या उजेडात बारीक रेषांची चित्रे काढीत आणि केसाएवढीही चूक होत नसे. १७५९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे नातू जॉंग ह्वांग हेही चित्रकार होते.

टीका आणि प्रभाव

कोरियन निसर्गचित्राला स्वतःची वाट जॉंग सॉन यांच्यापासून सापडली, असे जो यॉंग-सॉक यांचे मत होते. पुढच्या पिढीतील चित्रकार व समीक्षक कांग से-ह्वांग (१७१३–१७९१) यांनी मात्र वेगळा सूर लावला. स्वतः कुमगांगचा प्रवास केल्यानंतर त्यांनी लिहिले की, जॉंग सॉन यांनी आपल्या हाताला लागलेल्या सवयीचे फटकारे प्रत्येक खडकावर व प्रत्येक शिखरावर सारखेच लादले, त्यामुळे त्या जागेचे खरे रूप त्यांच्या चित्रांत आले नाही. खऱ्या दृश्याच्या प्रवर्तकावर खरेपणाच्या अभावाचा हा आरोप होता. तो निराधार म्हणता येत नाही. कुमगांगचे उभे फटकारे त्यांच्या हातून अन्यत्रही उतरले आहेत आणि मागणीनुसार काढलेल्या त्यांच्या काही चित्रांत घाई स्पष्ट दिसते. परंतु कांग से-ह्वांग डोंगराचे बाह्य रूप शोधीत होते आणि जॉंग सॉन डोंगर पाहून परतल्यावर मनात उरणारे रूप. दोघांचा मापदंड वेगळा होता. १७८८ मध्ये राजा जॉंगजो यांच्या आज्ञेवरून किम होंग-दो यांनी कुमगांगची जी चित्रे काढली, ती कांग यांच्या अपेक्षेच्या अधिक जवळ आहेत. जॉंग सॉन यांचे शिष्य शिम सा-जॉंग (१७०७–१७६९) पुढे स्वतंत्र शैलीकडे वळले.

चित्रांचा पुढील इतिहास

१७४७ ची चित्रवही नष्ट होता होता वाचली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, जपानी राजवटीत, एका धनिकाच्या घरी ती रद्दीबरोबर चुलीत सरपण म्हणून जाणार होती. तेथे मुक्कामाला आलेल्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याच्या ती वेळीच नजरेस पडली, अशी हकिकत सांगितली जाते. नंतर ती संग्राहक जॉन ह्यॉंग-पिल (१९०६–१९६२) यांच्याकडे आली. त्यांनी स्थापन केलेल्या कानसोंग संग्रहालयात ती व ग्यॉंगग्यो चित्रवही जतन केलेली आहे.

दुसरी एक चित्रवही जर्मनीत गेली होती. बव्हेरियातील सांक्ट ओटिलिएन या बेनेडिक्टाइन मठाचे प्रमुख नॉर्बर्ट वेबर यांनी १९२५ मध्ये कोरियाचा दौरा केला आणि २१ चित्रांची ही वही मायदेशी नेली. मठाच्या संग्रहात ती पुढे विस्मृतीत गेली. १९७५ मध्ये जर्मनीत शिकणाऱ्या एका कोरियन अभ्यासकाला ती तेथे आढळली. लिलाव करणाऱ्या मोठ्या संस्थांनी ती विकण्याबद्दल विचारणा केली असतानाही मठाने २००५ मध्ये ती कोरियातील वेग्वान येथील बेनेडिक्टाइन मठाकडे कायमस्वरूपी उसनी म्हणून सुपूर्द केली. दोन वर्षांनी वेग्वानच्या मठाला आग लागली, तीतूनही वही सुखरूप राहिली.

इनवांग जेसेकदो हे चित्र दीर्घकाळ खाजगी संग्रहात होते; २०२१ मध्ये उद्योगपती ली कुन-ही यांच्या वारसांनी ते राष्ट्राला दिले व ते आता राष्ट्रीय संग्रहालयात आहे. यी ह्वांग यांच्या अभ्यासिकेचे चित्र २००७ पासून दक्षिण कोरियाच्या १,००० वॉनच्या नोटेच्या मागील बाजूवर छापले जाते. यांगचॉनच्या परिसरात, आजच्या सोलच्या गांगसॉ भागात, २००९ पासून जॉंग सॉन यांच्या नावाचे संग्रहालय आहे.

कुमगांग पर्वत आज उत्तर कोरियात आहे. जांगान मठ कोरियन युद्धात (१९५०–१९५३) नष्ट झाला. त्याचे फक्त अवशेष उरले आहेत. १९९८ मध्ये दक्षिण कोरियातून तेथे पर्यटनास सुरुवात झाली होती, ती २००८ मध्ये बंद पडली.